फिरत्या घरातील विजेची शिदोरी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याला एका जागी ठरता येत नाही, त्याच्याविषयी आपण ती काहीशा कीवेने वापरतो. परंतु घर बरोबर घेऊन हिंडण्याची हौस माणसाला आजची नाही. ब्रिटनमध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या लेखकाने, जो पूर्वी आरमारात डॉक्टर होता, १८८५ साली निव्वळ सफरीसाठी म्हणून एक घोडागाडी बांधून घेतली आणि तिला ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या, असे नाव दिले. पुढे घोडे गेले, मोटार आली आणि युरोप-अमेरिकेत अशा फिरत्या घरांचा मोठा व्यवसायच उभा राहिला. आपल्या देशात हे वारे उशिरा पोहोचले. पण पोहोचले खरे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, केरळनेही त्याच वर्षी तशीच योजना आणली. आता निजायला बिछाना, चहाला शेगडी, दुधाला शीतकपाट आणि हात धुवायला नळ असे सारे चाकांवर घेऊन कोकणच्या किनाऱ्यापासून लडाखच्या पठारापर्यंत जाणारी कुटुंबे दिसू लागली आहेत.

श्रोतेहो, या चिमुकल्या संसारात अन्नाची शिदोरी बरोबर घ्यायला कोणी विसरत नाही. दुसरी एक शिदोरी मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे विजेची. दिवा, पंखा, पाण्याचा पंप, शीतकपाट, हे सारे आसनाखाली किंवा पलंगाखाली ठेवलेल्या एका जड पेटीवर जगतात. तिला आपण बॅटरी म्हणतो. ती बसली की घरात नुसता अंधार होतो असे नाही. बरोबर वृद्ध आई असेल आणि तिचे इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे असेल, तर त्या पेटीवर एका जिवाचे स्वास्थ्य अवलंबून असते. म्हणून ही पेटी भरलेली कशी ठेवावी, आणि भरताना तिची हानी कशी होऊ देऊ नये, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम हे सांगितले पाहिजे की अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात, आणि असाव्यात. एक इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी घरासाठी. दोघी बाहेरून बहिणीबहिणी दिसल्या तरी स्वभावाने अगदी भिन्न आहेत. इंजिनाच्या बॅटरीला काही सेकंद प्रचंड प्रवाह द्यायचा असतो आणि लगेच विश्रांती घ्यायची असते. म्हणून तिच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात. घरच्या बॅटरीला थोडा थोडा प्रवाह तासन्‌तास पुरवायचा असतो. म्हणून तिच्या पट्ट्या जाड असतात. पहिलीला दुसरीचे काम दिले तर ती थोड्याच महिन्यांत खंगते. शिवाय रात्रभर पंखा चालवून इंजिनाचीच बॅटरी उतरवली, तर सकाळी गाडी जागची हलत नाही. म्हणून दोघींच्या मध्ये असा स्विच किंवा असे यंत्र हवे, की इंजिन चालू असताना दोघी भराव्यात आणि ते बंद होताच त्यांचा संबंध तुटावा.

आता या पेटीच्या पोटात काय घडते ते पाहू. शिशाची बॅटरी ही फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ साली सिद्ध केली. इतकी जुनी वस्तू आजही कोट्यवधी वाहनांत आणि घरांत राबते आहे, हे तिच्या सरळ स्वभावाचेच प्रमाणपत्र म्हणावे लागेल. तिच्या प्रत्येक घटात एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची, आणि दोन्ही पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. एका घटातून सुमारे दोन व्होल्ट मिळतात. सहा घट ओळीने जोडले की आपली बारा व्होल्टची बॅटरी तयार होते. वीज खर्च होऊ लागली की आम्ल हळूहळू दोन्ही पट्ट्यांत शिरते, त्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर चढतो, आणि मागे राहणारे द्रव अधिकाधिक पाणचट होत जाते. उलट दिशेने वीज भरली की ते सल्फेट विरघळते, आम्ल पुन्हा द्रवात येते आणि पट्ट्या मूळच्या रूपाला येतात. बॅटरीचे सारे आयुष्य म्हणजे ही येजा.

बॅटरीचे मरण मात्र दोन वाटांनी येते, आणि त्या दोन्ही ओळखून ठेवणे हेच तिच्या निगेचे सार आहे.

पहिली वाट उपासाची. पट्टीवर नुकतेच जमलेले सल्फेट मऊ आणि बारीक कणांचे असते. ते लवकर भरले तर सहज विरघळते. पण बॅटरी अर्धवट रिकामी ठेवून आठवडे लोटले, तर त्याच कणांचे टणक स्फटिक बनतात. ते मग कितीही वीज भरली तरी पुरते विरघळत नाहीत. तेवढी पट्टी कायमची कामातून जाते. आज शंभराची असलेली बॅटरी काही महिन्यांनी साठाची, पुढे चाळीसाची होते, आणि मालक म्हणतो, ‘काय सुमार माल दिला दुकानदाराने!’ पुष्कळदा दोष मालाचा नसतो. पेटी उपाशी ठेवल्याचा असतो.

दुसरी वाट अजीर्णाची. बॅटरी भरत आली, की तिला आणखी वीज स्वीकारायला जागा उरत नाही. तरीही दाब चढता ठेवला तर ती वीज द्रवातील पाण्याचे विघटन करू लागते. हायड्रोजन आणि प्राणवायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातात, पाणी आटते, पट्ट्यांचा वरचा भाग उघडा पडतो, आणि धन पट्टीची जाळी आतून गंजत जाते. ज्या बॅटरीला पाणी घालण्याची सोयच नसते, त्या बंदिस्त जातीच्या बॅटरीत गेलेले पाणी पुन्हा कधीच परत येत नाही.

तेव्हा नियम असा निघतो: लवकर भरा, पूर्ण भरा, आणि भरल्यावर थांबा. तीन शब्दसमूहांचाच हा मंत्र, पण त्यातील प्रत्येक पद अवघड आहे. ‘लवकर’ अवघड, कारण आपण आळशी. ‘पूर्ण’ अवघड, कारण शेवटचा भाग भरायला फार वेळ लागतो. ‘थांबा’ अवघड, कारण कोठे थांबायचे ते डोळ्यांना दिसत नाही.

चांगला चार्जर हे काम तीन पायऱ्यांनी करतो. पहिल्या पायरीवर तो भरपूर प्रवाह देतो. शंभर अँपिअर-तासांच्या साध्या शिशाच्या बॅटरीला साधारण दहा ते वीस अँपिअर. दाब हळूहळू चढत सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत जातो. येथवर बॅटरी जवळजवळ ऐंशी टक्के भरलेली असते. दुसऱ्या पायरीवर दाब तेथेच धरून ठेवला जातो आणि बॅटरी आपल्या भुकेप्रमाणे कमी कमी प्रवाह घेत जाते. उरलेले वीस टक्के भरायला काही तास लागतात, आणि त्यात घाई चालत नाही. पंगतीत शेवटचा भात वाढताना यजमान हात आखडतो, तसेच हे आहे. तिसऱ्या पायरीवर दाब १३.५ ते १३.८ व्होल्टपर्यंत खाली आणला जातो. येथे बॅटरी भरत नाही, उकळत नाही, आणि झिजतही नाही; ती फक्त भरलेली राहते. जुन्या पद्धतीचे, आपणहून दाब न उतरवणारे चार्जर दिवसच्या दिवस जोडून ठेवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्या बॅटऱ्या का कोरड्या पडतात हे यावरून ध्यानात येईल. हे आकडे साध्या, पाणी घालण्याच्या बॅटरीचे आहेत. जेल जातीच्या बॅटरीला थोडा कमी दाब लागतो. म्हणून चार्जरवर जातीची खूण असेल तर ती पाहून मगच लावावी.

वीज मिळवण्याच्या वाटा फिरत्या घराला तीन आहेत: चालते इंजिन, सूर्य, आणि मुक्कामाच्या ठिकाणचा सरकारी वीजपुरवठा. यांतील कोणतीही एक पुरेल अशी आशा धरू नये. सरकारी नोकरीत अंदाजपत्रके चाळण्यात ज्याची निम्मी हयात गेली, त्याला येथे जमाखर्च मांडल्यावाचून राहवत नाही.

प्रथम खर्चाची बाजू. बारा व्होल्टवर चालणारे लहान शीतकपाट चालू असताना चारपाच अँपिअर घेते, पण ते सतत चालत नाही. आपल्या हवेत दिवसाकाठी चाळीस अँपिअर-तास धरावेत. दोन अँपिअरचा पंखा आठ तास चालला तर सोळा. चार छोटे दिवे संध्याकाळी चार तास लागले तर सहा. पंप आणि भ्रमणध्वनी मिळून आणखी सहा. एकूण अडुसष्ट. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, असा संकेत आहे. जितकी खोल रिकामी करावी तितक्या कमी वेळा ती पुन्हा भरता येते. म्हणजे अडुसष्टांच्या खर्चाला शंभरची बॅटरी अपुरी. निदान दीडशेची हवी. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तर खरेच, पण येथे अंथरुणाचे निम्मेच माप आपले असते.

आता जमेची बाजू. शंभर वॅटचा सौरफलक निरभ्र दिवशी पंचवीस ते तीस अँपिअर-तास देतो. जितके काढले त्याहून दहावीस टक्के अधिक भरावे लागते, कारण काही वीज उष्णतेत आणि बुडबुड्यांत जाते. म्हणून अडुसष्टांच्या खर्चाला जमा अठ्ठ्याहत्तरांच्या आसपास हवी. तीनशे वॅटचे फलक असतील तर हा हिशेब जुळतो. पण हा हिशेब उन्हाचा. आषाढात आंबोलीला किंवा महाबळेश्वरला ढगांनी आठ आठ दिवस सूर्य झाकला, की तेच फलक याच्या लहानशा हिश्श्यावर येतात. फलक आणि बॅटरी यांच्यामध्ये नियंत्रक असलाच पाहिजे. नाहीतर मे महिन्यात बॅटरीला तेच अजीर्ण होते.

इंजिनाच्या बाबतीत एक मोठा गैरसमज आहे. ‘तासभर गाडी चालवली, आता बॅटरी भरली’, असे पुष्कळांना वाटते. तीस अँपिअर देणारे यंत्र तासात तीसच अँपिअर-तास भरते. पंच्याहत्तरांची तूट भरून काढायला अडीच तास, आणि शेवटच्या टप्प्याचे संथ तास वेगळेच. शिवाय २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकींतील आल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी आपला दाब मुद्दाम कमीजास्त करतात. इंजिनाच्या बॅटरीला ते चालते. घरच्या बॅटरीला त्याने पोटभर मिळत नाही. म्हणून दोघींच्या मध्ये दाब योग्य तितका चढवून देणारा, एका बॅटरीवरून दुसरी भरणारा चार्जर बसवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. आणि नुसते इंजिन जागच्या जागी चालू ठेवून बॅटरी भरणे म्हणजे डिझेल जाळून धूर विकत घेणे होय.

म्हणून आठवड्यातून निदान एकदा तरी मुक्कामाच्या वीजपुरवठ्याला चार्जर जोडून रात्रभर ठेवावा. दिवसा सूर्याने किंवा इंजिनाने जे ऐंशी टक्के दिले, त्यांवरचे वीस टक्के या रात्री भरून निघतात. टणक होऊ पाहणारे सल्फेट या एका सवयीने बरेच टळते.

बॅटरी किती भरली आहे हे पाहण्याचे साधन साधे आहे. खर्च आणि भरणा दोन्ही बंद करून तिला काही तास विसावा द्यावा आणि मग व्होल्टमापक लावावा. १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. एका व्होल्टच्याही आत सारे राज्य सामावलेले आहे, म्हणून अंदाजाने नव्हे, आकड्याने बोलावे. चार्ज होत असताना किंवा पंखा चालू असताना घेतलेला आकडा फसवा असतो.

उष्णता आणि थंडी यांचाही विचार हवा. उन्हाळ्यात बॅटरी थोड्या दाबालाच उकळू लागते. वर दिलेले दाब पंचवीस अंशांचे आहेत. दर दहा अंशांमागे ते सुमारे पाव व्होल्टने उतरवावे लागतात. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत हा फरक क्षुल्लक नाही. म्हणून तापमान मोजणारी तार बॅटरीलाच चिकटलेली असावी. थंडीत उलटे. रिकाम्या बॅटरीतील द्रव पाण्यासारखे पातळ असल्याने शून्याखाली थोड्याच अंशांत ते गोठते आणि पेटी फुटते. भरलेल्या बॅटरीतील द्रव लेहच्या हिवाळ्यातही गोठत नाही. थंड प्रदेशात जाणाऱ्याने बॅटरी भरलेली ठेवणे हाच तिचा लोकरीचा अंगरखा.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तेव्हा अधिक जपावे. घड्याळ, रेडिओची स्मृती, धोक्याची घंटा ही छोटी छोटी मंडळी रात्रंदिवस थोडेथोडे पीत असतात. पन्नास मिलिअँपिअरची गळती दिसायला नगण्य; पण ती दिवसाला सव्वा आणि महिन्याला छत्तीस अँपिअर-तास खाते. बॅटरी स्वतःही आतल्या आत थोडी उतरत असते, आणि उष्णतेत अधिक उतरते. म्हणून पूर्ण भरून, मुख्य स्विच तोडून गाडी उभी करावी, आणि महिन्यातून एकदा मोजून पुन्हा भरावी; किंवा तिसऱ्या पायरीवर थांबणारा चार्जर जोडून ठेवावा.

येथपर्यंत शिशाचे झाले. अलीकडे अशा गाड्यांत लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी येते आहे. हे द्रव्य बॅटरीसाठी उपयोगी आहे हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या संशोधनाने जगापुढे आणले, ते टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत झाले, आणि त्यात अक्षय पाढी व नंजुंदस्वामी हे दोन भारतीय संशोधक होते. गुडइनफ यांना २०१९ साली इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी हलकी असते, काही हजार वेळा भरता येते, आणि तिच्यातील बहुतेक सारी वीज वापरता येते. पण हिचे शास्त्र वेगळे. शिशाला उपास बाधतो. हिला अर्धपोटी राहणेच मानवते. शिशाची बॅटरी भरून ठेवावी, ही निम्मी भरून ठेवावी. शून्य अंशाखाली हिला चार्ज करू नये. धातुरूप लिथियम आत साचून ती कायमची बिघडते. हिचा दाब भरलेली असताना आणि बरीच उतरलेली असताना जवळजवळ सारखाच राहतो, म्हणून व्होल्टमापकावर विसंबता येत नाही. आत किती गेले आणि बाहेर किती आले हे मोजणारा मापकच हवा. आणि ती इतक्या हावरेपणाने प्रवाह ओढते की साधा आल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून शिशाची पेटी काढून तिच्या जागी नुसती ही ठेवून दिली, आणि चार्जर तोच राहिला, असे करू नये.

सुरक्षिततेविषयी चार शब्द. हवेत हायड्रोजन चार टक्के झाला की ठिणगी स्फोटाला पुरते. म्हणून बॅटरीच्या कप्प्याला बाहेर जाणारी हवेची वाट असावी, आणि चार्ज होत असताना तेथे काडी ओढू नये. काम करताना अंगठी, कडे, बांगडी काढून ठेवावी. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण दोन टोकांत धातू अडकला तर तो क्षणात लाल होतो. धन टोकाजवळ फ्यूज असावा. पाणी घालावयाचे ते फक्त डिस्टिल्ड. नळाचे किंवा विहिरीचे नव्हे, आणि आम्ल तर कधीच नाही. पट्ट्या उघड्या नसतील तर पाणी चार्ज झाल्यानंतर घालावे, कारण चार्ज होताना द्रव फुगते. आम्ल डोळ्यांत उडाले तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. मेलेली बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. शिसे हे मुलांच्या मेंदूला घातक विष आहे. उघड्यावर फोडलेल्या एका पेटीने एखाद्या वस्तीची माती नासते. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी. २०२२ च्या नियमांनी ती गोळा करून तिची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारी कॅराव्हॅन असेल, हे मी जाणतो. पण जी पेटी तिच्या पलंगाखाली असते, तिचीच बहीण आपल्या जिन्याखाली इन्व्हर्टरला जोडलेली असते. कुठे ती ई-रिक्षाच्या आसनाखाली असते आणि तिच्यावर एका कुटुंबाची रोजची भाकरी चालते. रिक्षावाल्याची बॅटरी वर्षाआधी बसली, तर तिचे कर्ज फिटण्याआधीच दुसरे डोक्यावर येते. त्यालाही कामी पडतो तो हाच नियम: लवकर भरा, पूर्ण भरा, आणि भरल्यावर थांबा. उद्या सकाळी, खिडकी उघडून, घरच्या बॅटरीतील पाण्याची खूण कोठवर आली आहे तेवढी पाहावी. खाली गेली असेल, तर बाटलीभर डिस्टिल्ड पाण्याने तिचे आयुष्य वाढवणे अजून आपल्या हाती आहे.